विहिरीच्या वाटेचं अपील

दोन हजार तेवीस साल. माझं वय त्र्याहत्तर. चौथीतून शाळा सोडलेला माणूस मी, पण विहिरीच्या वाटेसाठी हायकोर्टापर्यंत गेलो.

विहीर सामायिक, दौलताबादच्या खालच्या अंगाला. वाट चुलतभावाच्या रानातून. त्यानं तारेचं कुंपण घातलं अन् म्हणाला, इथं वाट कधी नव्हतीच. मी दावा लावला. तेव्हाचे वकील म्हणाले, "काकूंना साक्षीला आणा. पाणी त्याच आणत होत्या ना?"

बायको तयार होती. "अहो, सांगते की मी साहेबाला. चाळीस वरसं त्या वाटेनं घागर वाहिली."

"आपल्या घरची बाई पिंजऱ्यात उभी राहायची नाय," मी म्हणालो.

मग साक्षीच्या पिंजऱ्यात मीच उभा राहिलो. समोरच्या वकिलानं विचारलं, वाटेत झाडं कोणती, किती? मला सांगता येईना. पाण्याला मी कधी गेलोच नव्हतो. दावा फेटाळला. जिल्हा कोर्टातही तेच झालं. पुढच्या पावसाळ्यात बायको गेली.

हायकोर्टाच्या तारखेला शहरात क्रांती चौकात उतरून रिक्षा केली. वकीलबाई लेकीच्या वयाची. म्हणाली, "काका, इथं पुरावा नव्यानं बघत नाहीत. खालच्या कोर्टानं कायद्यात चूक केली का, एवढंच बघतात."

"मग मला बोलू द्या. ती सांगणार होती, मीच आडवा आलो."

"ते कागदावर नाही, काका."

साहेब इंग्रजीत थोडं बोलले अन् त्यांनी दुसरी फाइल उघडली. बाहेर आल्यावर वकीलबाईनं हळूच सांगितलं, "अपील फेटाळलं. वाट जिला माहीत होती तिला तुम्ही आणलंच नाही, म्हणाले."

पायऱ्यांवर चुलतभाऊ उभा होता. "काय दादा, आता दिल्ली का?"

"गेलो असतो. साक्षीदार नाय राहिला."

त्याचं हसू गेलं. "चहा घेता?"

"नाय."

एकाच बसनं गावी आलो. तो पुढं बसला, मी मागं. शेजारची जागा रिकामी होती, तिच्यावर कागदांची पिशवी ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी फळीवरून तिची घागर काढली. ओढ्याच्या लांबच्या वळशानं विहिरीवर गेलो. घागर भरली, कुंपणाशी उभा राहिलो अन् पलीकडच्या वाटेवरली झाडं बघितली. तीन बोरी, एक हिवर.