दर रविवारी वाढणारं पाप

भिलाईतले आमचे शेजारी दर रविवारी चर्चमध्ये उभे राहून साक्ष देत : दारूपायी बायकोला दाराबाहेर कसं काढलं आणि प्रभूनं कशी क्षमा केली. दर खेपेला दारू थोडी वाढे, क्षमाही वाढे. आम्ही मागच्या बाकावर रंगून ऐकत असू.

एकदा, घरी त्यांच्याशी अबोला धरलेली त्यांची बायकोच उठली. "प्रभूनं माफ केलं म्हनता. मले इचारलं का जी कधी?"

ते खाली बसले. साक्ष बंद झाली. आता प्रार्थनेनंतरचा चहा तेच करतात, पहिला कप तिला नेऊन देतात. परवा, त्या दिवसानंतर प्रथमच, ती त्यांच्याशी बोलली, "साखर कमी हाय."

"हालेलूया!" म्हणत ते डबा आणायला धावले. सगळे हसले.

मला हसता आलं नाही. माझ्या घरी चहा अजून बायकोच करते, न बोलता.