दादाचा बसलेला घसा

दादाला वेळेवर दवाखान्यात जाऊ दिलं नाही, ते मी. सोलापूरच्या मार्केट यार्डात आमची कांद्याची आडत आहे. हिशेब माझ्याकडे, लिलाव पुकारणं थोरल्या भावाकडे. हंगामात पुकारणाऱ्याचा घसा बसतोच, आणि त्याचा आम्हाला उलट अभिमान वाटतो: आवक जोरात आहे म्हणायची. त्या वर्षी मात्र हंगाम ओसरत आला तरी दादाचा घसा सुटेना. वहिनी डॉक्टरचं नाव काढायची, मी ज्येष्ठमधाची पुडी पुढं करायचो. अजून थोडे दिवस काढ म्हणायचो, कारण पुकारायला दुसरं कोणी नव्हतं.

शेवटी वहिनीच त्याला घेऊन गेली. नाकातून दुर्बीण घालून पाहिलं, तुकडा काढून तपासला. स्वरतंतूवर कॅन्सर निघाला. नशिबानं अजून लहान होता. डॉक्टर म्हणाले, गळा चिरायला नको, भूल देऊन तोंडातूनच लेसरनं तेवढा भाग काढू.

दादानं एकच विचारलं, "पुकारता येईल न्हवं?"

बोलता येईल, डॉक्टर म्हणाले, पुकारण्याचं आत्ताच सांगता येत नाही.

ऑपरेशन नीट झालं. नंतर काही दिवस बोलायचं नाही, कुजबुजायचंही नाही, असा हुकूम होता. दादा वाटीवर चमचा वाजवून घर चालवायचा. लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच माझं वाक्य पुरं होतंय, असं वहिनी म्हणाली, तेव्हा त्यानं वाटी इतकी बडवली की शेजारीण आरतीला उशीर झाला समजून धावत आली.

तोवर लिलाव माझ्याकडे आला होता. बोलायची परवानगी मिळाल्यावर दादा यार्डात आला आणि पोत्यावर बसून माझं पुकारणं ऐकत राहिला. मग त्यानं मला जवळ बोलावलं. आवाज आला तो पातळ, अर्धा तर नुसता वाराच. यार्ड दणाणून सोडणारा तो नव्हताच.

"धाकल्या, शेरडागत वरडतूस की. कांदं घाबरत्यात."

व्यापारी हसले, मीही हसलो. माझा घसा सकाळपासून बसलेलाच होता. दादानं खिशातून ज्येष्ठमधाची पुडी काढून माझ्या हातावर ठेवली. "घे. हंगाम लई जोरात दिसतूय."

मी पुकारणं थांबवलं. पुडी मुठीत धरून त्याच्याशेजारी बसलो आणि इतके दिवस टाळलेलं बोललो.

"दादा, चुकलं माझं. वहिनी सांगत होती, आणि मी तुला लिलावापायी अडवून ठेवलं. घरी गेल्यावर तिच्यासमोरही म्हणतो."