माशाचं पॉलिश

रंगनाथमामा स्वतः केलेलं कधीच चाखत नसत. पातेल्यात चमचा बुडवायचा, उजेडाकडे धरून निरखायचा आणि थेट समोरच्याच्या तोंडापुढे न्यायचा. "बोला बाई." बस, एवढंच. समोरचा म्हणजे बहुतेक वेळा मीच, कारण देवळाली कॅम्पातल्या आमच्या दोन घरांमध्ये छातीएवढी एक भिंत होती आणि त्यांच्या स्वयंपाकघराचं दार त्या भिंतीकडे उघडायचं. मी कपडे वाळत घालत असले की पलीकडून चमचा यायचा, आणि त्याच्या खाली थेंब सांडू नये म्हणून धरलेला त्यांचा डावा तळहात.

निवृत्त झाल्यावर मी या घरात राहायला आले, तेव्हा त्यांच्या बायकोला, सिंधूमामींना, जाऊन दोनच महिने झाले होते. त्यांना मी पाहिलंही नाही. मामा मूळचे सायखेड्याचे. अठ्ठावीस वर्षं लष्कराच्या मेसमध्ये कुक, आणि पेन्शनीत निघाल्यावरही गावी न जाता कॅम्पातच राहिलेले. मी एकदा कारण विचारलं, तर म्हणाले, "गावाला सरावाच्या तोफा वाजत नाय, बाई. झोप नाय लागत." आजूबाजूच्या सात-आठ एकट्या माणसांना ते डबे द्यायचे. भाजी साधीच, पण कडक इस्त्री केल्यासारखी नीटनेटकी. डब्यात पोळीची घडीसुद्धा एका दिशेने असायची.

त्या चमच्याचा अर्थ मी माझ्या मनाने लावून टाकला होता. बायको गेलेला एकटा माणूस, त्याला चार शब्द बोलायला काहीतरी निमित्त हवं असणार, असं मी धरून चालले. स्वतः का चाखत नाही, असं विचारल्यावर ते म्हणाले होते, "कुक शेवटी जेवतो. आमच्यात तसंच हाय." मला ते पटलं. लष्करात काहीही असू शकतं.

माझंही सांगायला हवं. आमच्या आईने ताटातल्या पदार्थाला कुणी नाव ठेवलेलं कधी खपवून घेतलं नाही. पुढे तीस वर्षं भूगोल शिकवताना मीही कुणाच्या प्रगतिपुस्तकात 'समाधानकारक'च्या खाली उतरले नाही. ज्या पोराला नाशिकच नकाशात सापडत नसे, तोही समाधानकारक. त्यामुळे चमचा तोंडात गेला की माझ्या तोंडून "छान" निघायचं, ते जवळजवळ आपोआप. मामांना तेवढ्याने भागत नसे. "छान म्हणजे कसं? मीठ? आंबट?" मी म्हणायची, "सगळं बेताचं." मग ते मान हलवून आत जायचे. खरं तर कधी आमटी अळणी असायची, कधी तिखट पुढे गेलेलं असायचं. वयाप्रमाणे हात चुकतो, असं म्हणून मी सोडून द्यायची. डबा घेणाऱ्यांपैकी तिघांनी मधल्या काळात डबा बंद केला, त्याचाही मी कधी विचार केला नाही.

गेल्या वर्षी, द्राक्षांचा हंगाम भरात असताना, मामा भिंतीशी आले ते इस्त्रीचा शर्ट घालून. त्यांचे जुने कर्नलसाहेब, ज्यांच्या हाताखाली ते बारा वर्षं होते, कॅम्पात आठवडाभर मुक्कामाला येणार होते. जुन्या सोबत्यांना ते एक दिवस जेवायला बोलावणार होते आणि त्यांनी फोनवर एकच गोष्ट मागितली होती. रंगनाथचा पॉलिशवाला मासा. मासा साल्मन, तो साहेब स्वतः मुंबईहून बर्फात घालून आणणार. पॉलिश मामांचं.

"पॉलिश काय?" मी विचारलं.

"वरून लावायचं. बुटाला मारतो तसं माशाला. तोंड दिसलं पाहिजे त्याच्यात." आणि मग जरा थांबून म्हणाले, "मामी गेल्यापासून साहेबलोकांसाठी काय केलं नाय, बाई. हे एक नीट झालं पाहिजे. डब्यांचं काय, ते चालतंय."

त्या आठवड्यात ते वीस वर्षांनी लहान झाले होते. दिंडोरीच्या एका बागायतदाराकडून घडातून सुटलेल्या मण्यांची पाटी आणली. त्यांचा रस गाळून, आटवून, त्यात लिंबू, लसूण, गूळ आणि सोया सॉस. जेवणाच्या दिवशी दुपारी चमचा भिंतीवरून आला. गडद लाल, घट्ट, चमकणारा. आणि खारट. एवढा खारट की माझी जीभ आक्रसली. सोया सॉसची बाटली नवी होती, वेगळ्या कंपनीची, हे मला नंतर कळलं. त्या वेळी मला फक्त मामांचा चेहरा दिसत होता. शाळेत निकालाच्या दिवशी पोरं असा चेहरा करून उभी राहतात.

"बोला बाई."

मी म्हणाले, "मस्त झालंय."

"मीठ?"

"बरोबर आहे."

ते हसले. मला वाटलं, माशावर गेल्यावर एवढं जाणवणार नाही. मला वाटलं, आता ऐन वेळी सांगून त्यांचा जीव कशाला खाली-वर करायचा. माणूस स्वतःला काय काय पटवून देतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते भिंतीशी आले. हातात चमचा नव्हता.

"बाई, खारट होतं ना?"

मी हातातला ओला कपडा पिळत राहिले.

"पाण्याचा जग चार वेळा भरला. साहेबांनी पूर्ण तुकडा खाल्ला आणि म्हणाले, 'वा रंगनाथ, वही पुरानी बात.' बारा वर्षांत साहेब कधी खोटं बोलले नाय. मीठ कमी असलं तर ताट उचलून माझ्याकडे आणून द्यायचे, सगळ्यांसमोर. काल खोटं बोलले. तेव्हा समजलं, लयच बिघडलं असणार." मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तुम्हाला कळलं होतं?"

"हो."

"मग?"

"तुम्हाला वाईट वाटेल म्हणून नाही बोलले."

त्यांनी भिंतीवरचा वाळलेला शेवाळाचा पापुद्रा नखाने काढला. मग म्हणाले, "त्या साथीत ताप आला होता ना, तवापासून मला चव नाय. वासबी नाय. डॉक्टर म्हणाला येईल, ती काय आली नाय. मामी होती तोवर ती सांगायची. शिव्या घालायची, कढईच्या कढई ओतायला लावायची. ती गेल्यावर तुमची जीभ ती माझी जीभ होती, बाई."

"मला सांगायचं होतं ना," एवढं बोलून पाहिलं. माझं मलाच ते लंगडं वाटलं.

"चव नसलेल्या कुकच्या हातचा डबा कोण खाईल?" ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. महिनाअखेरीला त्यांनी डबे बंद केले.

त्यानंतर भिंतीवरून चमचा आला नाही. मामा दिसायचे, "बरंय ना बाई" म्हणायचे, गॅसचं सिलेंडर आत ओढून द्यायचे. वागण्यात बोट ठेवायला जागा नाही. पण मी कपडे वाळत घालताना उगाच रेंगाळायची आणि पलीकडे पातेल्याचा आवाज नसायचा.

पावसाळा संपता संपता माझा मुलगा पुण्याहून आला आणि येताना गोठवलेल्या साल्मनचं पाकीट घेऊन आला. मी ते निमित्त धरलं. भिंतीवरून हाक मारली, "मामा, पॉलिश शिकवता का?" मला वाटलं नाही म्हणतील. पण ते आले, चपला बाहेर काढल्या, आणि ओट्यापाशी न येता दाराजवळच्या स्टुलावर बसले, हात मांडीखाली दाबून. शिकवायला लागल्यावर मात्र त्यांना राहवेना.

द्राक्षं तेव्हा नव्हती, म्हणून त्यांनी मध घ्यायला लावला. तीन चमचे मध, दोन चमचे सोया सॉस, अर्ध्या लिंबाचा रस, ठेचलेला लसूण, चिमूटभर मिरचीपूड. "मीठ हातात घेऊ नका. सॉसमधी हाय तेवढं पुरं. मी तिथंच मेलो." आच मंद ठेवायची. आधी मोठे बुडबुडे येतात, मग बारीक आणि संथ होतात, तो आवाज बदलला की ते स्टुलावरूनच ओळखायचे. "आता चमचा काढा. उलटा करा. पाठीवर बोट ओढा. रस्ता राहिला?" मी ओढलेल्या रेघेच्या दोन्ही बाजू पुन्हा मिळाल्या. "नाय राहिला. अजून दोन मिनटं." पुढच्या वेळी रेघ तशीच राहिली. "हां. बंद करा. गार झाल्यावर अजून घट्ट होतंय."

मासा आधी कापडाने कोरडा टिपायचा. तवा तापला की कातडीची बाजू खाली ठेवायची आणि मग हात लावायचा नाही. मी उलथनं पुढे केलं की ते ओरडायचे, "राहू द्या! सुटला की तोच सांगतो." कडेचा रंग अर्ध्यापर्यंत फिका झाला की उलटायचा, आणि पॉलिश अगदी शेवटच्या दोन मिनिटांत. "आधी लावलं तर गोड जळतं आणि मासा कच्चा. घाई करणाऱ्याचा बूटबी चमकत नाय."

मासा खरंच चकाकला. मुलगा बघतच राहिला. मी चमच्याला राहिलेलं पॉलिश चाटून मामांकडे वळले. "आंबट जरा पुढे गेलंय, मामा. मीठ नेमकं आहे." अगदी खरं तेच सांगितलं. इतक्या महिन्यांत मी त्याची मनात कितीदा तालीम केली होती.

"मला कशाला सांगता," ते चपला घालत म्हणाले. "खाणारे तुम्ही."

यंदा जानेवारीत त्यांची किडनी बिघडली. सायखेड्याहून त्यांची मुलगी मंदा येऊन राहिली. फेब्रुवारीत दवाखान्यातून घरी आणलं ते कशासाठी, हे सगळ्यांनाच माहीत होतं. डॉक्टर म्हणाले, आता पथ्य नको, मनाला येईल ते खाऊ द्या. पण जेवणाचं नाव काढलं की मामा भिंतीकडे तोंड करायचे. एका सोमवारी पहाटे ते गेले. मी सांगतेय ते त्याच्या आधीच्या गुरुवारचं.

त्या दिवशी मी दिंडोरीच्या द्राक्षांचा रस काढला. तासभर आटवला. रस्ता पडेपर्यंत थांबले, माशाचा तुकडा कोरडा टिपला, उलथन्याला हात लावला नाही. आणि चमचा चाटला तेव्हा मला कळलं, की हे जमलंय. गोड, आंबट, खारट, सगळं आपापल्या जागी. माझ्या हातून एवढं नेमकं कधीच काही झालं नव्हतं आणि नंतरही झालेलं नाही. बशी झाकून, भिंतीला वळसा घालून मी त्यांच्या घरी गेले.

मंदाने त्यांना उशीला टेकवून बसवलं. त्यांनी बशी माझ्या हातातून घेतली, खिडकीच्या उजेडाकडे तिरकी केली आणि कितीतरी वेळ बघितली.

"पॉलिश बराबर हाय," ते म्हणाले. "रस्ता राहिला होता?"

"राहिला होता."

आणि मग, जवळजवळ वर्षभराने, त्यांनी मान वर केली. "बोला बाई."

मी घाईने नाही बोलले. जिभेवर अजून चव होती, तिच्यात मी खोट शोधली. प्रामाणिकपणे शोधली. आंबट जरा पुढे, मीठ किंचित मागे, काहीतरी सापडावं म्हणून. काहीच नव्हतं.

"छान झालंय, मामा," मी म्हणाले. "खरंच छान झालंय. मीठसुद्धा नेमकं आहे."

ते हसले. माझ्या हातावर त्यांनी दोनदा थोपटलं, लहान मुलाला थोपटतात तसं. "तुमचं छानच असतंय, बाई." मग मंदाकडे वळले. "मंदे, तू बघ जरा."

"दादा, आज गुरुवार हाय ना," मंदा म्हणाली. "मी मासा नाय खात आज."

"हां. राहिलं मग."

मला ओरडून सांगावंसं वाटत होतं, की या वेळी खरं आहे हो. पण कुठल्या शब्दात सांगणार? जो शब्द होता तो मी भिंतीपाशी वर्षभर वाटून संपवला होता.

मामांनी बोटांनी एक छोटा तुकडा मोडला आणि तोंडात घातला. सावकाश चावला, माझ्याकडे बघत. ज्या जिभेला साथीपासून कशाचीच चव नव्हती, तिने तो तुकडा इकडून तिकडे फिरवला आणि गिळला. मग त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं. तिथे त्यांना काय दिसलं असेल ते मला माहीत आहे, कारण निकालाच्या दिवशीचा तो चेहरा मीही एकदा भिंतीपलीकडे पाहिला होता.

"छान झालंय, बाई," ते म्हणाले.