घड्याळवाल्या आया

दर गुरुवारी नगरला मुलांच्या मेंदूच्या डॉक्टरांकडे नंबर लावून तीन-तीन तास बाकावर बसलं, की किस्से साचणारच. आम्ही तिघी. तिघींच्याही पोरांना फिट येतात आणि तिघींच्याही हातात घड्याळ. फिट आली की मिनिटं मोजायची, पाचच्या वर गेली तर गाडी काढायची, असं डॉक्टरांनी बजावलंय. मोजून मोजून आमचं डोकं पार कामातून गेलंय!

*

केडगावच्या मार्थाताई चर्चमध्ये पाळकसाहेबांची प्रार्थनासुद्धा मोजतात. एकदा निघताना त्यांनाच सांगून आल्या, "साहेब, आज नऊ मिनिटं झाली. आमच्याकडं पाचला दवाखान्यात नेतात!"

*

माझं काय वेगळं? दिराच्या लग्नात नवरीला भोवळ आली. सगळे पाण्याला धावले, मी घड्याळ बघत उभी. सासूबाई अजून सांगत सुटतात, आमच्या थोरलीला मुहूर्ताची फार काळजी.

*

देवळाली प्रवराची संगीता स्वतःच्या पोटदुखीसाठी दवाखान्यात गेली. काय होतंय, असं डॉक्टरांनी विचारलं, तर ही म्हणे, "वय नऊ, वजन बावीस किलो, शेवटची फिट सोमवारी." डॉक्टर म्हणाले, बाई, तुमचं सांगा. तर हिला काही सांगताच येईना.

बाकावर तिनं हे सांगितलं, तेव्हा आम्ही दोघी पोट धरून हसलो. संगीता हसली नाही. गर्भपिशवीत गाठ निघाली होती, ऑपरेशन सांगितलं होतं, आणि हे तिनं सहा महिने दडवलं होतं.

"माजं काय व्हायचं ते होऊ दे," ती म्हणाली. "पन मी टेबलावर असताना गुड्डीला फिट आली तर मोजनार कोन? तिचे वडील तर घाबरून भाईर पळत्यात."

आमचं हसू तिथंच विरलं. आपल्यामागं कोण, या विचारानं मीही रोज धास्तावते. शेवटी मीच म्हटलं, मी मोजते.

*

ऑपरेशनच्या दिवशी संगीतानं आपलं घड्याळ गुड्डीच्या मनगटाला बांधलं. गुड्डीला आकडे कळत नाहीत, बोलतेही कमीच. फिट उतरली की आई तिच्या कपाळावर हात ठेवून सांगते, "झालं बाळा, तीन मिन्टं." तेवढं तिला पाठ.

दोन तास मी पोरीवरची नजर हलवली नाही. फिट आली नाही.

संगीताला बाहेर आणलं. डोळे नीट उघडायच्या आधीच ती पुटपुटली, "किती मिन्टं?"

मी काही बोलणार, तोवर गुड्डी पुढं झाली. तिनं आईच्या कपाळावर हात ठेवला, घड्याळात बघितलं.

"झालं बाळा," ती म्हणाली. "लई मिन्टं."