नसलेल्या पानावरचा राजा

"असंल की वो मालक, हरवल्याल्या पानात असंल!" कुणाची चप्पल सापडेना, नळाचं पाणी आज कुठे गेलं कळेना, समोरच्या घरातल्या काकांचं उत्तर ठरलेलं. सोलापुरात सगळेच एकमेकांना मालक म्हणतात, पण त्यांनी म्हटलं की आपल्या मालकीचं खरंच काहीतरी आहे असं वाटायचं.

हे पान जुन्या नाण्यांची ओळख देणाऱ्या गाईडमधलं. काकूंना लग्नात माहेरून एक काळपट नाणं मिळालं होतं. वडील म्हणाले होते, राजाचं आहे. सासरचे हसले, "कसला राजा? बिल्ला हाय त्यो." तेव्हापासून काकूंना एकच ध्यास, वडील खोटं बोलले नव्हते एवढं कळावं. टॉवेलच्या कारखान्यातून निवृत्त झाल्यावर काकांनी फुटपाथवरून गाईड आणलं. अर्ध्या किमतीत, म्हणजे अर्थातच नकली. चित्रं इतकी पुसट की सगळे राजे सख्खे भाऊ वाटावेत. शिवाय मधली बरीच पानंच नव्हती. काकूंचं नाणं पुस्तकात सापडेना, तेव्हा ते त्या पानांवर असणार हे ठरूनच गेलं.

तुम्ही म्हणाल, फसला माणूस. मीही तेच म्हणालो होतो. पण दुपारी रस्त्यावरचं ऊन पाण्यासारखं हलू लागलं की काका ओट्यावर बसून ती नसलेली पानं सांगायचे आणि काकू ज्वारी निवडत ऐकायच्या. एका राजाला टाकसाळीचा आवाज कानावर पडल्याशिवाय झोप यायची नाही. एका राणीने नाण्यावर स्वतःऐवजी लिंबाची डहाळी काढायला लावली होती. मी पेंगत ऐकायचो. त्यातला एखादा राजा मला आजही शाळेत शिकल्यासारखा आठवतो.

मी उत्साही प्राणी. पुण्याहून अस्सल गाईड आणून दिलं. काकांनी ते प्लास्टिकसकट कपाटावर ठेवलं.

"उघडा की काका."

"आन् राजा त्यात नसला तर?"

मोबाइलवर फोटो काढून शोधू म्हटलं, तर त्यांनी नाण्यावर हात ठेवला.

पुढे काकू अंथरुणाला खिळल्या. डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं. एका संध्याकाळी मी भेटायला गेलो होतो, तेव्हा त्या काकांना म्हणाल्या, "अहो, आता तरी बगा की. बाबा खरं बोलत हुते का न्हाई, ऐकून जाऊ द्या मला."

काका उठले. हात कपाटावर गेला, तिथेच थांबला. मग त्यांनी खालच्या फळीवरचं नकली पुस्तक घेतलं, दोन पानांमधल्या फटीत बोट ठेवलं आणि वाचू लागले. राजाचं नाव, त्याचं गाव, त्याचा घोडा. प्रत्येक लेकीच्या लग्नात तो एक नाणं पाडायचा म्हणे.

काकू डोळे मिटून हसल्या. "एवढं मोठं पान?"

"राजा मोठा हाय की."

"मग बाबांचं खरंच हुतं," त्या म्हणाल्या आणि त्यांनी काकांचा हात धरला. मला रडू आलं, त्यात लपवायचं काय?

काकू गेल्या. काका बार्शीला लेकीकडे राहायला निघाले. नकली पुस्तक आणि नाणं त्यांच्या पिशवीत होतं. अस्सल पुस्तक त्यांनी माझ्या हातात दिलं.

"न्या मालक. घरात असलं की हात जातो वो."

आता ते माझ्या कपाटावर असतं. प्लास्टिक तसंच आहे. कधीकधी माझाही हात जातो. मग खिडकीतून समोरचा रिकामा ओटा दिसतो, आणि मी हात मागे घेतो.