गणित आणि इतिहास एकाच तासाला

शाळेत त्यांना सगळे रकाने सर म्हणत. हे त्यांचं आडनाव नव्हे. ते शिकवायचे भूगोल, पण वेळापत्रक लावायचं काम एकदा गळ्यात पडलं ते कायमचंच, आणि रकाने भरता भरता नावही चिकटलं. मुलं पाठीमागे म्हणत, शिक्षक तोंडावर म्हणत, आणि सरांना त्यात काही वावगं वाटत नसे. एखाद्या नव्या शिक्षकाने खऱ्या नावाने हाक मारली तर ते मागे वळून बघत, कोणाला बोलावतोय म्हणून.

वेळापत्रक ते लाकडी फळीवर लावत. फळीवर खिळ्यांच्या रांगा आणि खिळ्यांना अडकवलेल्या पुठ्ठ्याच्या चकत्या. निळी गणिताची, तांबडी इतिहासाची, हिरवी भूगोलाची. मध्ये एकदा शाळेने हेच काम संगणकाकडून करून घेतलं. संगणकाने मधल्या सुट्टीनंतर लगेच कवायतीचा तास दिला आणि आठवडाभर पोरं मैदानाच्या कडेला ओकत होती. मुख्याध्यापिकाबाईंनी मुकाट्याने फळी परत भिंतीवर लावायला सांगितली. त्या आठवड्यात सर जरा ताठच चालत होते असं इतिहासाच्या बाई अजून सांगतात.

फळीचा नियम एकच होता. माणसाचं तोंड बघून तास लावायचा नाही. संगीताच्या बाईंना शनिवार मोकळा हवा असायचा. गणिताच्या सरांना पहिला तास नको असायचा, कारण त्यांना लवकर जाग येत नसे. संस्थेच्या एका बड्या माणसाच्या चिरंजीवांना रसायनशास्त्र आणि संगीत अशी अजब जोडी हवी होती. सगळ्यांना उत्तर एकच, "बसत नाही." औषधाच्या दुकानात ही गोळी संपली म्हणून सांगतात तशा आवाजात ते हे सांगत. लोक चडफडायचे आणि विश्वासही ठेवायचे. जो सगळ्यांनाच नाही म्हणतो, त्याच्यावर दात धरून माणूस किती दिवस बसणार.

अकरावीचा मामला जरा वेगळा होता. तिथे ऐच्छिक विषय जोडीने चालत. एका खोलीत एक विषय, त्याच तासाला शेजारच्या खोलीत दुसरा, आणि मुलाने दोहोंतला एक निवडायचा. अर्थशास्त्रासमोर जीवशास्त्र, भूगोलासमोर मानसशास्त्र आणि गणितासमोर इतिहास. आकड्यांना भिणारी पोरं इतिहास घेतात, सनावळ्यांना भिणारी गणित घेतात, असा सरांचा अगदी पहिल्या वर्षीचा अंदाज होता. तो इतका चपखल बसला की हा आपला नुसता अंदाज होता, हेच ते पुढे विसरून गेले. दरवर्षी एखाददुसरं पोर दाराशी येऊन विचारायचं, सर, दोन्ही घेता येतील का. बसत नाही, सर म्हणायचे. खरं सांगायचं तर त्यांनी कधी बसवून पाहिलंच नव्हतं.

मग त्यांची स्वतःची लेक दहावी झाली.

एकुलती एक मुलगी. बोलण्यात आईवर गेलेली, चिकाटीत बापावर. एकाच रस्त्यावर चपलांची सगळी दुकानं शेजारी शेजारी का थाटतात, त्यातलं पहिलं कोणी टाकलं असेल, आणि दुसऱ्याला त्याच्या बाजूलाच बसायची बुद्धी का झाली, असले प्रश्न तिला पडत. चपला घ्यायला गेलं की ती दुकानदारालाच हे विचारत बसायची आणि चपला आई घ्यायची. असल्या प्रश्नांना सामाजिक शास्त्र म्हणतात हे तिला कळलं, आणि ते जिथे सगळ्यात चांगलं शिकवतात त्या विद्यापीठाचा तिने ध्यास घेतला. तिथे एकेका जागेसाठी शेकडो अर्ज येत. विद्यापीठाने आपल्या अटी साफ लिहून ठेवल्या होत्या. गणित पाहिजेच. त्याच्या जोडीला इतिहासासारखा, भरपूर वाचायला आणि लिहायला लावणारा विषय असेल तर तो अर्ज आधी बघू.

"बाबा, मला गणित, अर्थशास्त्र आणि इतिहास पाहिजेत," तिने जेवताना सांगितलं.

"गणित आणि इतिहास एकाच तासाला आहेत. बसत नाही."

"बघ ना एकदा. नाहीच बसलं तर राहिलं."

सरांची बायको खरोखरच औषधाच्या दुकानात काम करायची आणि दिवसभर डॉक्टरांची अक्षरं लावून लावून तिला कोणाच्या पोटात काय आहे ते लवकर कळायचं. ती म्हणाली, "साऱ्या गावच्या पोरांचे तास लावता. घरच्या पोरीचा एक लावताना हात का आखडतो?"

"घरची आहे म्हणूनच," सर म्हणाले.

"म्हणजे दुसऱ्या कोणाची असती तर बरं झालं असतं की तिचं."

यावर सरांनी पाणी मागितलं. कोणी थेट बोललं की पाणी मागायचं ही त्यांची जुनी सवय होती.

पण बोलणं लागलं होतं. उन्हाळ्याच्या सुट्टीत एका दुपारी ते शाळेत गेले. शिपायाकडून किल्ली घेतली, शिक्षकांच्या खोलीची एक खिडकी उघडली आणि फळी खाली उतरवून टेबलावर आडवी ठेवली. शाळा रिकामी होती. मैदानावर कोणीतरी बाक रंगवून वाळत घातले होते आणि त्याचा वास आत येत होता. बसत नाही हे निदान प्रामाणिकपणे सांगता यावं, एवढ्याच हेतूने ते आले होते.

त्यांनी इतिहासाची तांबडी चकती उचलून भूगोलासमोर लावली आणि मानसशास्त्र गणितासमोर आणलं. इतिहासाच्या बाईंचा त्या वेळी सातवीवर तास होता, तो दुसऱ्या दिवशी सरकवला. तिथे हस्तकला होती, ती शेवटी नेली. दोन ठिकाणी अडलं. मग स्वतःचाच एक मोकळा तास मोडला आणि अडलेलं सुटलं. भूगोलाची काही पोरं आता इतिहासाकडे जातील हे त्यांना दिसत होतं, पण त्याचं त्यांना फारसं काही वाटलं नाही. उन्हं कलायच्या आत फळी पूर्ण भरली. एकही चकती उरली नाही, एकही खिळा नागडा राहिला नाही. जुन्या वेळापत्रकापेक्षा हे सरसच झालं होतं. इतकी वर्षं दाराशी येऊन गेलेली पोरं त्यांना आठवली आणि त्यांना लाज वाटली. मग लेक आठवली आणि त्यांना आनंद झाला. तो मात्र फार टिकला नाही.

कारण त्याच महिन्यात त्यांनी चित्रकलेच्या सरांना परत पाठवलं होतं. त्या माणसाची आई अंथरुणाला खिळली होती, आठवड्यातून दोनदा तिला व्यायामाच्या उपचारांसाठी न्यायचं होतं, आणि त्याने फक्त शेवटचे दोन तास मोकळे मागितले होते. सर म्हणाले होते, एकाला दिलं की रांग लागते. चित्रकलेचे सर बिचारे बरं म्हणून गेले. आता शाळा उघडल्यावर हीच फळी भिंतीवर लागणार, आणि कोणासाठी काय हललं हे पहिल्याच दिवशी सगळ्यांना कळणार. चित्रकलेचे सर काही बोलणार नाहीत. ते फक्त फळीकडे बघतील, मग आपल्याकडे बघतील. सरांना नेमकं तेच सोसवलं नाही.

त्यांनी एकेक चकती काढली आणि जुन्या जागी लावली. नवी रचना मात्र त्यांच्या डोक्यात पक्की बसली होती, ती काही उतरवता येईना.

"पाहिलं बसवून," घरी येऊन त्यांनी सांगितलं. "या वर्षी नाही जमत. फार गुंता आहे, सोडवायला वर्ष लागेल. पुढच्या वर्षी बघतो."

"तू पाहिलंस ना, मग झालं," लेक म्हणाली. तिने गणित आणि अर्थशास्त्र घेतलं आणि इतिहासाच्या जागी भूगोल घेतला. बापाच्या वर्गात दुसऱ्या बाकावर बसून ती वारे आणि प्रवाह पाठ करायची. मार्क उत्तम पडले. चपलांच्या दुकानांबद्दल ती सरांना वर्गात कधी काही विचारत नसे.

पुढच्या वर्षी सरांनी नवं वेळापत्रक शिक्षकांच्या बैठकीत मांडलं. चित्रकलेच्या सरांचे शेवटचे दोन तासही मोकळे केले होते, तेवढं मनाला टोचत होतं म्हणून. मुख्याध्यापिकाबाईंनी सांगितलं की सर वर्षभर या कामात बुडाले होते, आणि स्वतःच्या मुलीला काडीचा फायदा नसताना त्यांनी दुसऱ्यांच्या मुलांसाठी हे केलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. चित्रकलेच्या सरांनी तर उठून हात हातात घेतला. सरांनी टाळ्या घेतल्या. घ्यायला नको होत्या, पण समोर वाढून आलेलं ताट त्यांना परत लोटता आलं नाही.

लेकीने बारावीनंतर अर्ज केला. मुलाखतीला बोलावणं आलं. सर सोबत गेले आणि एका लांबलचक ओसरीत बाकावर बसून राहिले. आत तिला विचारलं, तुझा सगळा ओढा बाजारपेठा कशा वसल्या याच्याकडे आहे, मग इतिहास का घेतला नाहीस. तिने सांगितलं, शाळेत गणिताच्याच तासाला होता. बाहेर येऊन तिने हे हसत हसत बापाला सांगितलं. नाव प्रतीक्षायादीत लागलं आणि यादी तिच्यापर्यंत पोचलीच नाही. इतिहास असता तर जागा मिळालीच असती, असं कोणी छातीठोकपणे सांगू शकणार नाही. पण सर तसंच धरून चालले. लेक दोन दिवस खोलीतून फारशी बाहेर आली नाही, मग घराजवळच्या कॉलेजात अर्थशास्त्राला गेली. तिथे वर्गात पंखे होते आणि प्रश्न विचारणारं फारसं कोणी नव्हतं.

त्याच्या पुढच्या वर्षी एका सुट्टीच्या दिवशी सकाळी दारावर एक मुलगी आली. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्याची मुलगी, शाळेत लेकीच्या एक वर्ष मागे. नव्या वेळापत्रकात तिने गणित आणि इतिहास दोन्ही घेतले होते, आणि त्याच विद्यापीठात तिला जागा मिळाली होती. दार लेकीनेच उघडलं. तिने मुलीला आत बसवलं, अभिनंदन केलं आणि ते मनापासून केलं. स्वतः चहा करून आणला. मुलाखतीत काय विचारलं, वसतिगृह कसं आहे, पहिल्या वर्षाला काय काय शिकवतात, सगळं खोदून खोदून विचारलं. तिचा चेहरा उजळला होता. सर कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून कपातल्या चहाकडे बघत होते.

"सर, खरंतर तुम्हालाच भेटायला आले," मुलगी म्हणाली. "तुम्ही वर्षभर खपून ते वेळापत्रक बसवलंत म्हणून झालं. नाहीतर माझा इतिहास सुटलाच होता."

"वर्षभर म्हणजे काय," लेक कौतुकाने म्हणाली. "माझ्याच वेळी घेतलं होतं करायला. उन्हाळ्याच्या सुट्टीत जाऊन बसला होता शाळेत. पण गुंताच तसा होता. बाबाच्या जागी दुसरा कोणी असता तर सोडून दिलं असतं त्याने."

सरांनी कप खाली ठेवला. लोकांनी केलेलं कौतुक त्यांनी पचवलं होतं. हे पचेना.

"वर्ष नाही लागलं," ते म्हणाले. "एक दुपार लागली."

"म्हणजे, मुख्य भाग एका दुपारी," मुलगी सावरून घेत म्हणाली.

"सगळंच. फार अवघड नव्हतं ते." मग ते लेकीकडे वळले. "तुझ्याच वेळी बसलं होतं. मी परत काढून ठेवलं."

मुलगी शहाणी होती. तिने चहा तसाच घाईने संपवला, आई वाट बघत असेल म्हणाली आणि उठली. लेक तिला दारापर्यंत पोचवायला गेली, पत्ता आणि फोन घेतला, नीट जा म्हणाली. दार लावून ती परत आली आणि बापासमोर बसली. बायको आतल्या दारात येऊन उभी राहिली होती. 

"का काढलंस?" लेकीने विचारलं. तिला राग आला होता, आणि तो लपवायचा ती प्रयत्न करत नव्हती.

"लोक म्हणाले असते, मुलीसाठी केलं."

"केलं होतंसच ना माझ्यासाठी?"

"हो."

"मग म्हणू द्यायचं होतंस," ती म्हणाली, आणि कपबश्या गोळा करून आत गेली.