आप्पांचा पाय आणि फाटकावरची घंटा

आप्पांना गाडी पायाला कळायची. खानापूरच्या पुढं लोंढ्याच्या वाटेवर, रानातल्या वळणाजवळच्या रेल्वे फाटकावर ते फाटकवाले होते. तरुणपणी खडीच्या खाणीत सुरुंगानं दोन्ही कान गेलेले; माणसाचं बोलणं ते ओठांवरून ओळखत. पण अनवाणी पाय रुळावर टेकला की म्हणत, "आली. मालगाडी हाय." मग शांतपणे फाटक लावत. वळणापलीकडचा धूर त्यानंतर बऱ्याच वेळानं दिसे.

मी तेव्हा बेळगावला रेल्वेत कारकून होतो. त्या फाटकावर गाडीची खबर देणारं यंत्र बसवावं का हे ठरवायला आमचे इंग्रज इंजिनिअरसाहेब निघाले, तेव्हा दुभाषा म्हणून मलाही नेलं. साहेबांकडे नवी कळ होती. फाटकाच्या मैलभर अलीकडे रुळाला बसवायची. चाकानं दाबली की तारेवरून फाटकावर घंटा वाजे. दिवसभरात चार गाड्या आल्या. चारही वेळा घंटा वाजली, आणि चारही वेळा आप्पा तिच्या आधी उठले.

साहेब खूश झाले. "मग घंटा हवीच कशाला? विचार त्याला."

आप्पा म्हणाले, "उन्हाळ्यात माझा पाय चुकायचा न्हाय. पावसात मात्र धारांनी रूळच थरथरतोय. गाडी कंची, पाऊस कंचा, कळत न्हाय. दोनदा चुकलोय. घंटाच बसवा."

बहिऱ्या माणसाच्या फाटकावर घंटा! ती बसली की आप्पांची जागा गेलीच. मी साहेबांना पहिलं वाक्य तेवढं सांगितलं आणि थांबलो.

आप्पा माझ्या तोंडाकडंच बघत होते. "बाबू, तुमचं ओठ लवकर मिटलं. पावसाचं ऱ्हायलं."

"आप्पा, नोकरी जाईल."

"जाऊ दे. पावसात बैलगाड्या यायच्या थांबत्यात व्हय? सगळं सांगा."

सांगितलं. साहेबांनी वहीत घंटेची नोंद केली. मग म्हणाले, "आता याला कुठलं काम द्यायचं, तेही यालाच विचार."

आप्पांनी कोपऱ्यातला हातोडा उचलून रुळावर ठोकला. "गाडी आली, हे घंटी सांगंल. रूळ तडकलाय, हे कोण सांगणार? दांड्यातनं हाताला कळतंय. ते काम माझं."

ते त्यांना मिळालं. त्याच हिवाळ्यात ओढ्याच्या पुलाजवळ त्यांनी तडकलेला रूळ हेरला आणि लाल निशाण घेऊन पॅसेंजर अडवली. आम्ही पोचलो तेव्हा केसाएवढ्या चिरेवर बोट ठेवून ते निवांत बसले होते.

पुढं ते गावी गेले. पुन्हा गाठ पडली नाही. माझ्याकडे यंत्रं पारखायचं काम आलं, तेव्हा विकणाऱ्याला मी आधी एवढंच विचारी, "हे चुकतं कधी?" ज्याला सांगता आलं नाही, त्याचं यंत्र मी घेतलं नाही.